इंजिन बंद पडलं म्हणून विमान पडत नाही

धुळ्यात गोंदूरच्या बाजूला राहणाऱ्यांना विमानाचं कौतुक उरलेलं नाही. सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग पहिलं शिकाऊ विमान डोक्यावरून जातं, सहा-सात मिनिटांनी तेच पुन्हा, मग पुन्हा. लहान पोरंसुद्धा मान वर करत नाहीत. शिरपूर आणि जळगावकडेही तेच. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने देशातल्या ज्या पाच विमानतळांवर वैमानिक प्रशिक्षणासाठी जागा दिली, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारीच्या जोडीला जळगाव होतं. आकाश मोकळं, मोठ्या विमानांची गर्दी नाही आणि वर्षातले बरेच महिने हवा कोरडी. ज्या कोरडेपणाला आम्ही जन्मभर नावं ठेवली, तो असा कुणाच्या तरी कामी आला.

पण कुठे एखादं विमान पडलं की सगळ्यांच्या माना वर होतात आणि माझा फोन वाजायला लागतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. आमच्या गल्लीच्या हिशेबाने याचा अर्थ मला विमानातलं सगळं कळतं. समोरचे नाना फाटकातूनच विचारतात, "काय व्हयनं मॅडम? इंजिन बंद पडनं व्हई ना?" आणि शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावातून माझ्या जुन्या विद्यार्थिनीची आई विचारते. तिची मुलगी सध्या विमान शिकते आहे. प्रश्न नानांचाच, आवाज मात्र वेगळा.

हा लेख त्या आईसाठी आहे. नानांनी वाचला तरी चालेल.

आधी इंजिनाचं उरकून टाकू. लळिंगचा घाट उतरताना मोटारसायकल न्यूट्रल केली तर ती जागच्या जागी थांबते का? उतार आहे तोवर ती पळतच राहते. विमानाला तो उतार उंचीतून मिळतो. उंची म्हणजे पदराला बांधलेला पैसा. इंजिनाची कमाई थांबली की तो मोडून खायचा. शिकायला सर्रास वापरलं जाणारं सेस्ना १७२ हे विमान इंजिन बंद असताना एक फूट खाली येता येता साधारण नऊ फूट पुढे सरकतं. हजार फुटांवर इंजिन गेलं तर वारा नसताना पावणेतीन किलोमीटरपर्यंतचं अंतर हाताशी असतं आणि वेळ असतो दीड मिनिटाच्या आत-बाहेर.

दीड मिनिट कमी वाटतं, पण त्यात काय करायचं ते आधीच ठरलेलं आहे. नाक किंचित खाली करून वेग साधारण ६५ ते ७० नॉट, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धरायचा, कारण त्याच वेगाला विमान सर्वांत लांब तरंगतं. मग उतरायला वावर निवडायचं. मग पेट्रोलची चावी, पेट्रोल-हवेचं मिश्रण, इग्निशन पाहायचं. रेडिओवर बोलायचं ते सगळ्यांत शेवटी. आमची विद्यार्थिनी सांगते की तिचे सर काही न बोलता, गप्पा मारता मारता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढतात आणि शांतपणे म्हणतात, "इंजिन गेलं. आता काय करशील?" पहिल्यांदा तिने रेडिओचं बटण दाबलं. सर म्हणाले, "कुणाशी बोलतेस? ते वर येऊन धरणार आहेत का तुला?"

मग विमान पडतं कशाने? बहुतेक वेळा त्याचं उत्तर इंजिनात नसून पंखात असतं, आणि तिथपर्यंत जायला स्वयंपाकघरात यावं लागेल.

पळीची पाठ

नळ बारीक सोडा. पळी दांड्याला सैल धरून तिची फुगीर पाठ पाण्याच्या धारेला हळूच टेकवा. पाणी पळीला ढकलून देईल असं वाटतं, होतं उलटंच. धार पळीच्या पाठीला चिकटते, तिच्या गोलाईवरून वळते आणि पळी धारेकडे ओढली जाते. विमानाच्या पंखाची वरची बाजू अशीच फुगीर असते. हवा तिला धरून वाहते, मागच्या कडेवरून खाली वळते. पंख हवेला खाली लोटतो आणि हवा पंखाला वर. (पाणी आणि हवा एक नव्हे, हे मला ठाऊक आहे, बारावीच्या मुलांनी पत्रं पाठवू नयेत.)

आता एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढल्याचं आठवा. तळवा थोडा तिरका केला की हात वर उचलला जातो. आणखी तिरका केला की आणखी वर. पण एका ठिकाणी गंमत संपते: हात फडफडायला लागतो, वर जायचं सोडून नुसता मागे ढकलला जातो. पंखाचंही तेच. समोरून येणाऱ्या हवेशी त्याचा कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला की हवा त्याच्या पाठीला चिकटून राहू शकत नाही, सुटते, तिचे भोवरे होतात आणि उचल एकदम कोसळते. याला स्टॉल म्हणतात. मोटारीचं इंजिन बंद पडतं तेव्हाही आपण 'स्टॉल झालं' म्हणतो, आणि वर्तमानपत्रांचा निम्मा गोंधळ इथेच आहे. विमान स्टॉल झालं तेव्हा इंजिन व्यवस्थित, पूर्ण जोरात चालू असू शकतं.

वैमानिक हळू उडायला लागला की तेवढीच उचल टिकवायला त्याला नाक वर, आणखी वर धरावं लागतं, आणि कोन वाढत वाढत त्या रेषेला भिडतो. म्हणून बोलताना 'वेग कमी झाला म्हणून स्टॉल झालं' असं म्हटलं जातं. खरा गुन्हेगार कोन आहे.

यातून सुटायची रीत एका ओळीची आहे: नाक खाली करा. कोन कमी होतो, हवा पुन्हा पंखाला चिकटते, विमान पुन्हा विमान होतं. चार हजार फुटांवर सरावात हे करून घेतात तेव्हा पोटात गोळा येतो, पण दोनशे-तीनशे फुटांत काम होतं. आता तीच गोष्ट जमिनीपासून तीनशे फुटांवर करायची आहे अशी कल्पना करा. समोरच्या काचेत कपाशीच्या ओळी दिसताहेत, त्या मोठ्या होताहेत, आणि तुम्हाला नाक त्यांच्याकडेच वळवायचं आहे. माणसाचा हात ते करत नाही. तो नाक वर-खाली करायची दांडी पोटाकडे ओढतो, विहिरीत पडणारा काठ ओढतो तसा. आणि ओढलं की कोन आणखी वाढतो.

मला या विषयातली सगळ्यांत अवघड गोष्ट हीच वाटते. हवेतलं बरोबर उत्तर पुष्कळदा अंगाला चुकीचं वाटतं. तासन्‌तास तेच तेच गिरवून घेतात ते याचसाठी.

वळणावर

आमच्या डोक्यावरून सहा-सात मिनिटांनी तेच विमान का येतं? ते सर्किट मारत असतं. धावपट्टीवरून उडायचं, वळायचं, जमिनीपासून हजारेक फुटांवर धावपट्टीला समांतर उलटं जायचं, मग धावपट्टीच्या दिशेने आडवं वळायचं (हा बेस), मग शेवटचं वळण घेऊन धावपट्टीच्या सरळ रेघेत यायचं (हे फायनल) आणि उतरायचं. चपट्या आयताच्या फेऱ्या. यातलं धोक्याचं ठिकाण म्हणजे ते शेवटचं वळण. वेग कमी केलेला, उंची पाचशेच्या आसपास, आणि मुलाचं सगळं लक्ष धावपट्टीकडे.

वळताना विमान कलतं. कललं की पंखाची सगळी उचल वर जात नाही, काही भाग वळवण्यात खर्च होतो. तरी उंची टिकवायची तर पंखाने जास्त उचल द्यायला हवी. थोडक्यात, वळणात विमान 'जड' होतं आणि स्टॉलचा वेग वाढतो. आकडे बघा. सेस्ना १७२ पंख सरळ असताना, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली सोडायच्या झडपा) न सोडता, साधारण ४८ नॉटला स्टॉल होतं. ४५ अंश कलून उंची धरली तर ५७ नॉटला. ६० अंशांत ६८ नॉटला. आणि उतरायला येतानाचा वेग किती असतो? ६५ च्या आसपास. म्हणजे सरळ रेषेत जो वेग पोटभर पुरतो, तोच खूप कललेल्या वळणात कमी पडतो.

हे कशामुळे घडतं ते अगदी साधं आहे. मागून वारा असतो, मूल वळण उशिरा सुरू करतं, धावपट्टीची रेघ ओलांडून पुढे जातं. परत रेघेवर यायची घाई. कलणं वाढवायची भीती वाटते म्हणून पायाने रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं पातं) दाबून नाक वळवायचा प्रयत्न होतो. नाक खाली जातं म्हणून दांडी ओढली जाते. आता आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो, बाहेरचा अजून उचल देतोय, आणि विमान भिंगरीसारखं फिरत खाली येतं. हा स्पिन. त्यातून बाहेर पडायची रीत आहे, पण तिला लागणारी उंची तिथे नसते. रेघ ओलांडली असं वाटलं तर करायचं काय? ओढाताण करायची नाही. ते उतरणं सोडून द्यायचं, थ्रॉटल पूर्ण पुढे, सरळ वर, आणि पुन्हा एक फेरी. गोंदूरला एखादं विमान उतरता उतरता आवाज वाढवून वर निघून गेलं की नाना म्हणतात, "चुकनं." मी त्यांना अनेकदा सांगितलं की ते चुकलं नाही, ते बरोबर आलं.

उडल्याबरोबर, तीनशे फुटांवर इंजिन गेलं तर? मागे धावपट्टी आहे, ओळखीची, डांबरी, सुरक्षित. मन तिकडे ओढतं. पण परतायचं तर नुसतं अर्धवर्तुळ पुरत नाही, रेघेवर यायला आणखी वळावं लागतं, आणि इंजिनाशिवाय तेवढं वळायला तीनशे फूट पुरत नाहीत. उत्तर: समोर जे आहे त्यात, डावी-उजवीकडे थोडंफार बघून, सरळ उतरायचं. पुन्हा तेच, मन मागे ओढतं आणि उत्तर पुढे असतं.

मे महिन्यात तोरणमाळ

पुण्या-मुंबईच्या लेखांत हे सहसा येत नाही, म्हणून सविस्तर. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास उंच. मे महिन्यात दुपारी पारा ४४ ला गेला की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी तो विमानतळ सुमारे साडेचार हजार फुटांवर, म्हणजे १,३०० मीटरच्या वर जाऊन बसतो. आपलं तोरणमाळ त्याच्याहून खाली राहिलं. जळगाव जागचं हललेलं नाही, हवेने मात्र त्याला डोंगरावर नेऊन ठेवलं.

समुद्रकाठच्या थंड दिवसाशी तुलना केली तर हवा आठवा हिस्सा कमी. हा तोटा तीन ठिकाणी बसतो. इंजिनाला जाळायला हवा कमी, पुढच्या पंख्याला (प्रोपेलरला) कापायला हवा कमी, पंखाला टेकायला हवा कमी. धाव लांबते, चढ मंदावतो. सकाळी सहाला ज्या झाडावरून विमान सहज गेलं, दुपारी दोनला तेच झाड काचेत येतं. त्यात काळी जमीन तापून हवेचे लोट वर सोडत असते. घारी त्यावर पंख न हलवता चढतात. उतरणारं विमान मात्र एकदा उचललं जातं आणि बाजूच्या ओल्या मळ्यावर आलं की खाली बसतं. वावटळी वेगळ्याच. म्हणून उन्हाळ्यात ही मुलं पहाटे चारला उठतात. आमच्या विद्यार्थिनीच्या आईला वाटायचं की पोरीला झोपू देत नाहीत.

आणि पावसाळ्यात? पावसाळ्यात बर्फ. हो, खान्देशात, २५ अंशांत. जुन्या प्रकारच्या पेट्रोल इंजिनांत हवा आणि पेट्रोल मिसळणारं कार्बुरेटर असतं. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते आणि तिथेच पेट्रोलची वाफ होते. वाफ होताना काय होतं ते ज्यांच्या घरी वाळ्याचा कूलर आहे त्यांना सांगायला नको: गारवा. कार्बुरेटरच्या गळ्यात तापमान वीस-पंचवीस अंशांनी सहज उतरतं. हवा दमट असली तर तिच्यातलं पाणी तिथेच गोठतं, गळा चोंदतो, इंजिन मलूल होतं.

उपाय म्हणून एक खटका असतो, एक्झॉस्टभोवतीची गरम हवा आत सोडणारा. तो ओढला की बर्फ वितळतो, त्याचं पाणी इंजिनात जातं आणि काही क्षण इंजिन आधीपेक्षाही जास्त खोकायला लागतं. मूल घाबरून खटका परत ढकलतं. ढकलायचा नसतो. ते खोकणं म्हणजे औषध लागू पडल्याची खूण. (नव्या इंजिनांत पेट्रोल थेट फवारतात, तिथे ही भानगड नाही.)

गेल्या हिवाळ्यात परवानगी काढून अकरावीची वीस मुलं घेऊन मी धावपट्टीवर गेले होते. आमची विद्यार्थिनी उड्डाणाआधीची तपासणी करत होती. पंखाखाली वाकून तिने एका पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढलं आणि उजेडाकडे धरलं. निळसर. विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम रंग घालतात. तळाशी पाण्याचे थेंब आहेत का ते ती बघत होती. पाणी जड, ते खाली बसतं, आणि इंजिनात गेलं तर इंजिन बंद. मग ती डाव्या पंखाच्या पुढच्या कडेपाशी गेली. तिथे एक छोटं भोक आहे. त्यावर रुमाल ठेवला, तोंड लावलं आणि हवा ओढली. विमानातून पिपाणी वाजली. मुलं हसून हसून बेजार. तो स्टॉलचा इशारा देणारा भोंगा. विजेशिवाय चालतो, आत बाजाच्या पेटीसारखी एक पत्ती आहे. पंखाचा कोन वाढला की त्या भोकातून हवा ओढली जाते आणि पत्ती रडते, स्टॉलच्या पाच-दहा नॉट आधी. एका मुलाने विचारलं, "ताई, मग हा वाजला तरी लोक पडतात कसे?" ती म्हणाली, "ऐकू येत नाही. घाबरलं की आधी कान जातात."

शेजारच्या खुर्चीत

शिकाऊ विमानात हाताशी दांड्या दोन, पायाशी रडर दोन, मुलापुढे एक जोड आणि प्रशिक्षकापुढे एक. विमान या क्षणी कुणाच्या हातात आहे यावर गोंधळ नको म्हणून 'आय हॅव कंट्रोल' असं मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने 'यू हॅव कंट्रोल' म्हणून सोडायचं. हा नियम पाळला तरी खरी अडचण वेगळी आहे. मुलाला चूक करू दिल्याशिवाय ते शिकत नाही. मग कुठवर करू द्यायची? धावपट्टीवर विमान आपटणार आहे हे प्रशिक्षकाला तीन सेकंद आधी दिसतं. तिसऱ्या सेकंदाला हात घातला तर मूल शिकत नाही, शेवटच्या अर्ध्या सेकंदाला घातला तर उशीर. गाडी शिकवताना लोक ओरडतात ते या मानाने सुखी.

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, आणि ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवासही. सुरुवातीच्या काही तासांनंतर एके दिवशी प्रशिक्षक दार उघडून उतरतो आणि म्हणतो, जा, एक फेरी मारून ये. शेजारची खुर्ची रिकामी झाल्याने विमान हलकं होतं आणि चटकन उचलतं. पहिल्या सोलोत, म्हणजे एकट्याच्या उड्डाणात, मुलं त्यानेच दचकतात. या काळातले बहुतांश अपघात उतरतानाचे असतात: चेंडूसारखं उडणं, पुढचं चाक मोडणं, पंख्याचं पातं जमिनीला लागणं, धावपट्टीवरून घसरणं. विमान दुरुस्तीला जातं, मूल चहा प्यायला. त्यांच्या बातम्या होत नाहीत.

वावरात

धावपट्टी सोडून उतरायची वेळ आली तर खान्देश वरून दिसतो त्याहून फसवा आहे. केळीची बाग वरून हिरव्या गादीसारखी दिसते. खाली एकेक खोड पाण्याने भरलेलं, मणाचं. पावसाळ्यात काळी माती पुढचं चाक गिळते आणि विमान कोलांटी खातं. उन्हाळ्यात रिकामं वावर बरं, पण बांध आणि वरची वीजवाहिनी. तारा हवेतून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायला शिकवतात: दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं समजायचं. सऱ्यांच्या आडवं उतरायचं नाही, सऱ्यांना धरून उतरायचं. वारा कुठून आहे ते धुरावरून, शेततळ्याच्या लाटांवरून ओळखायचं, कारण वाऱ्याच्या तोंडावर उतरलं तर जमिनीशी असलेला वेग कमी होतो आणि वेग निम्मा झाला की धडक चौथाई होते.

हे गणित आईला सांगण्यासारखं आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकलेलं विमान एकसारखं मंद होत तीन मीटरांत थांबलं, तरी खांद्याच्या पट्ट्यांनी बांधलेला माणूस तो झटका सोसू शकतो. तीन मीटर म्हणजे साधारण दीड खाट. म्हणून ताब्यात असलेलं विमान शेतात घातलं तर पंख तुटतात, चाकं जातात, माणसं पुष्कळदा वाचतात. ताबा सुटून नाकावर आलेलं विमान ते तीन मीटर देत नाही. त्यामुळे शिकवतात: जमिनीला टेकेपर्यंत, आणि टेकल्यावरही, विमान चालवत राहा.

१६ जुलै २०२१ ला चोपडा तालुक्यात वर्डीजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरहून आलेलं शिकाऊ विमान पडलं. प्रशिक्षकाचा जीव गेला, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. तिथवर गाडीरस्ता नव्हता. आसपासचे आदिवासी लोक धावले. एका बाईने अंगावरची साडी दिली, तिची झोळी करून मुलीला खाली आणलं. त्या दिवसाबद्दल मला पहिल्यांदा ती साडी आठवते.

अशी वेळ आपल्या शिवारावर आली तर काय करायचं, हे ग्रामसभेत सांगायला हवं असं माझं मत आहे. ११२ ला फोन. बिडी-सिगारेट विझवणं, कारण दोन्ही पंखांत मिळून दीडशे-दोनशे लिटर पेट्रोल असू शकतं. पंख्याच्या पात्यापासून लांब राहणं, ते थांबलेलं असलं तरी. माणूस उलटा लटकत असेल तर पट्टा कापण्याआधी त्याला धरणं, नाहीतर तो डोक्यावर पडतो. काही नव्या छोट्या विमानांत रॉकेटने उडणारं पॅराशूट असतं. लाल रंगाचा खटका दिसला तर हात लावू नये. माणसं बाहेर काढायला जे हलवावं लागेल ते हलवायचं, बाकी काही नाही. आठवण म्हणून पत्र्याचा तुकडा घरी न्यायचा नाही. खटका कुठे होता, चावी कुठे होती, फ्लॅप किती खाली होते, हेच तर पुढे बोलणार असतं.

कारण छोट्या विमानात ब्लॅक बॉक्स सहसा नसतोच. चौकशी करणाऱ्यांना तुकड्यांशी बोलावं लागतं. पंख्याची दोन्ही पाती पिळवटून वळली असतील आणि त्यांच्यावर आडवे ओरखडे असतील, तर जमिनीला लागताना इंजिन जोर देत होतं. एक पातं सरळ आणि एक नुसतं मागे वाकलेलं असेल तर पंखा थांबलेला होता. इशाऱ्याच्या छोट्या दिव्यांतली तारसुद्धा बघतात: दिवा पेटलेला असेल तर तापलेली तार धक्क्याने ताणून लांब होते, विझलेला असेल तर थंड तार तडकते. म्हणजे धडकेच्या क्षणी कोणता इशारा चालू होता ते कळतं. पेट्रोलचे नमुने, देखभालीच्या वह्या, त्या दिवशीचं हवामान, प्रशिक्षकाची झोप, मुलाचे आधीचे तास, सगळं त्यात येतं.

हे काम आपल्याकडे विमान अपघात अन्वेषण ब्युरोचं, तो २०१२ मध्ये स्थापन झाला. परवाने देणारं आणि संस्था तपासणारं डीजीसीए वेगळं. वेगळं असण्याचं कारण उघड आहे: तपासणीतच काही राहून गेलं असेल तर ते सांगायला तिसरा माणूस हवा. चौकशीचे नियम १९४४ च्या शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ वर बेतलेले आहेत, आणि त्यात स्पष्ट म्हटलं आहे की हेतू पुढचे अपघात टाळण्याचा आहे, दोष ठरवण्याचा नाही. आपल्याला हे पचत नाही. आपल्याला संध्याकाळपर्यंत एक नाव हवं असतं. अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात यावा अशी अपेक्षा आहे, कधी त्याहून जास्त लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तो चहा थंड व्हायच्या आत येतो, 'तांत्रिक बिघाड' किंवा 'पोरीच्या हातात कशाला दिलं' अशा एका ओळीत. दुसऱ्या ओळीला तर मी उत्तरही देत नाही. विमान कोण चालवतंय ते पंखाला कळत नाही.

खरे अहवाल कुणालाही वाचता येतात. त्यांत एक कारण क्वचितच असतं. ऊन होतं, पेट्रोलच्या टाक्या भरलेल्या असल्याने विमान जड होतं, वारा मागून होता, वळण उशिरा घेतलं, भोंगा वाजत होता. यातलं कुठलंही एक नसतं तर बहुधा काही घडलं नसतं.

आमची विद्यार्थिनी हे अहवाल वाचते. त्यांच्या बॅचमध्ये दर शनिवारी एक वाचायचा असतो. तिची पद्धत अशी की शेवटचं पान, जिथे संभाव्य कारण दिलेलं असतं, ते हाताने झाकायचं, बाकीचं वाचून स्वतःचं उत्तर वहीत लिहायचं, मग हात काढायचा. दिवाळीत घरी आली तेव्हा ती वही तिने मला दाखवली. मी विचारलं, कितीदा बरोबर येतं? म्हणाली, "दहातून चारदा, मॅडम. आणि 'इंजिन बंद पडलं' असं मी ज्या-ज्या वेळी लिहिलं, त्यातलं एकच बरोबर निघालं."